गाडी सोळा देते

हे तुम्हाला सांगावं का न्हाई, ह्यावर मी बरेच दिवस घालवले. पण घरातल्यांनी सगळीकडं सांगून टाकलंय, तेव्हा आता माझ्या तोंडूनच ऐका. त्यात मीठमसाला असेल, पण निदान माझ्या हातचा असेल.

तर माझा वेडेपणा असा, की त्यापायी सख्ख्या भाचीचं ठरत आलेलं लग्न मोडायला आलं होतं. कारण काय म्हणाल? देणंघेणं न्हाई. पत्रिका न्हाई. पोरगा पितो, असंही न्हाई. कारण, माझ्या गाडीचं ॲव्हरेज.

हसू नका. चहा घ्या अन् ऐका.

मी मन्नाएखेळ्ळीला हायस्कूलात गणित शिकवतो. बावीस वर्षं झाली. माझ्याकडं डिझेलची मोठी गाडी होती. तिचा आवाज असा, की मी हायवेवरून आत वळलो की बायको चहाचं आधण ठेवायची. ॲव्हरेज तेरा. रस्ता उताराचा असला तर चौदा. हे अंदाजे न्हाई सांगायलो. दरवेळी टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, भागाकार करायचा. त्याची वही डॅशबोर्डात असायची.

आता ती गाडी कागदावर माझी होती, पण आमच्या भागात एका घरात मोठी गाडी आली की ती सगळ्या सोयऱ्यांची होते. कुणाला पाहुण्याकडं जायचंय, कुणाला सोलापूरच्या दवाखान्यात. गाडी जाते. भाडं मागितलं तर पुन्हा कुणाच्या दारात जायची सोय न्हाई. रिवाज एकच. मालकानं टाकी फुल करून द्यायची, अन् नेणाऱ्यानं जेवढे किलोमीटर झाले त्या हिशोबानं तेल टाकून आणायचं. गाडी किती देते, हे मालकानं सांगायचं. मालकानं तेरा म्हणलं की तेरा. त्यावर कुणी तोंड उघडत न्हाई.

तर ती डिझेलवाली म्हातारी झाली. दुरुस्तीचा खर्च गाडीपेक्षा मोठा व्हायला लागला. सगळे म्हणले, सर, तुमचं रोजचं जाणं शाळेपर्यंत, दोन किलोमीटर. आता पेट्रोल घ्या. धूर न्हाई, आवाज न्हाई. मग हैदराबादला एक माणूस भेटला, दहा वर्षं दुबईत नोकरी करून परत आलेला. त्याची पेट्रोलची एसयूव्ही घेतली. तीन वर्षं वापरलेली, पण नव्यासारखी.

गाडी घेऊन आलो ते सरळ रेवणअण्णाच्या हॉटेलापुढं उभी केली. रेवणअण्णा चहा गाळता गाळता बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"गाडी छान हाय री सर. पण पेट्रोलची एवढी मोठी गाडी, दहा तरी देईल का?"

"बघू की," मी म्हणलो.

"बघायचं काय त्यात? माझ्या साडूनं डिझेल विकून पेट्रोल घेतली. आता गाडी दारात अन् साडू बसमधी."

बाकावरचे चार जण हसले. मला ते हसणं लागलं. गणिताच्या माणसाला कुणी आकड्यावरून हसलं की फार लागतं.

त्या गाडीत स्टेअरिंगच्या मागं एक छोटा पडदा आहे. त्यावर इंग्रजीत 'ॲव्हरेज', अन् खाली मोठा आकडा. आकड्याच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात आणखी काहीतरी. माझा जवळचा चष्मा असतो शाळेच्या पिशवीत, कारण गाडी चालवताना लांबचं बघायचं असतं. डोळे बारीक केले तर शेवटी 'के एम' एवढं दिसलं. किलोमीटर. आणखी काय पाहिजे माणसाला? गाडी स्वतःच भागाकार करून दाखवत होती. मी वही बंद केली.

पहिला आठवडा घर ते शाळा, शाळा ते घर, मधी बाजार. शनिवारी पडदा बघितला. चौदा पूर्णांक आठ.

मी गाडीतच बसून राहिलो थोडा वेळ. पेट्रोलवर पावणेपंधरा! डिझेललाही जे जमलं न्हाई ते. मोबाईलवर फोटो काढला अन् नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिला. रेवणअण्णांना प्रत्यक्ष नेऊन दाखवला. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, अन् म्हणले, "मशीन सांगायलंय म्हणल्यावर खरंच असेल री." बाकावर कुणी हसलं न्हाई. मी सगळ्यांचा चहा सांगितला.

पुढच्या रविवारी हुमनाबादला गेलो. हायवे मोकळा, गाडी पाण्यावानी चाललेली. अन् पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. तेरा. बारा. साडेदहा. मला घाम फुटला. परत येऊन बाजाराच्या गर्दीत शिरलो, बैलगाडीच्या मागं पहिल्या गिअरमधी अडकलो, तर आकडा पुन्हा चढायला लागला.

अशा वेळी साधा माणूस म्हणतो, काहीतरी चुकायलंय. शिकलेला माणूस सिद्धांत काढतो. मी काढला. डिझेलचं इंजिन असतं हायवेचं, त्याला पळायला पाहिजे. पेट्रोलचं इंजिन नाजूक, त्याला सावकाश चालणं मानवतं. हा सिद्धांत मी स्टाफरूममधी फळ्यावर आकृती काढून समजावला. विज्ञानाच्या मॅडम काही बोलल्या न्हाईत. त्यांच्याकडं स्कूटी आहे, त्यांना काय कळतं, असं मला वाटलं.

मग मी गाडी सिद्धांताप्रमाणं चालवायला लागलो. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं न्हाई. शाळेला जायला हायवेचा रस्ता सोडून बाजारातला धरायचा. अन् एकदा तर गंमतच झाली. पोष्टापुढं एसी चालू ठेवून बायकोची वाट बघत उभा होतो. गाडी जागेवर, अन् ॲव्हरेज वाढायलंय! पंधरा दोन, पंधरा तीन. चाक फिरेना, तरी गाडी जास्त द्यायली. बायको आली तर मी म्हणलो, "आणखी काही काम असेल तर करून ये, मी थांबतो." लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ती दारातच उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायली.

महिन्याभरात आकडा सोळावर गेला. मी सगळ्या सोयऱ्यांत जाहीर केलं, गाडी सोळा देते.

आता एक बारीक अडचण होती. मी पंपावर फार वेळा जायला लागलो होतो.

"अहो, परवाच तर टाकलं होतं की," बायको म्हणायची.

"टाकी लहान आहे."

"पहिल्या गाडीची मोठी होती का?"

"पेट्रोल उडतं. डिझेल जड असतं, ते बसून राहतं."

मग मी गाडी लिंबाच्या सावलीत लावायला लागलो. टाकीच्या बाजूला ओलं पोतं टाकायला लागलो. तरी पेट्रोल उडायचं राहीना. मग मला दुसरं सुचलं, की हे उडत न्हाई, कुणीतरी उडवायलंय. डिझेलचं एक बरं होतं, चोरून माणूस करणार काय? गल्लीत ट्रॅक्टर एकच, तोही चुलत्याचा. पण पेट्रोल म्हणल्यावर गल्लीतली प्रत्येक मोटरसायकल मला संशयित दिसायला लागली. माणसं रामराम करायची अन् मी त्यांच्या टाकीकडं बघायचो.

इथपर्यंत सगळं माझ्या घरातलं होतं. नुकसान झालं तर माझं, हसं झालं तर माझं. पण आता पल्लवी आली.

पल्लवी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची पोरगी. अक्का हुमनाबादजवळच्या खेड्यात दिलीय. दाजी शेतकरी, चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा वापरत न्हाईत. पल्लवी दहावीला माझ्याकडंच राहिलेली, गणित माझ्याच हाताखाली शिकली, बीएड झाली. मला पोरगी न्हाई. तेव्हा ती माझी कोण, हे तुम्हीच समजा.

तिला करजगीचं स्थळ आलं. पोरगा महेश, साखर कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर. घरचा ऊस, भीमेचं पाणी. पोरानं पोरगी बघितली, दोघांनाही पसंत. पल्लवी तर तेव्हापासून फोन घेऊन गच्चीवरच असायची. आता पोरीकडच्यांनी घर बघून यायचं, अन् पुढच्या रविवारी याद, म्हणजे देणंघेणं अन् लग्नाची बोलणी कागदावर. एवढंच राहिलेलं.

घर बघायला जायला दाजींनी माझी गाडी मागितली. मला पेपर तपासायचे होते, जमलं न्हाई. टाकी फुल करून गाडी दिली.

"किती धरू?" दाजींनी विचारलं.

"सोळा."

"पेट्रोलवर सोळा?"

"सोळा, दाजी. मशीन सांगतं."

मालकानं सांगितलं म्हणल्यावर विषय संपला. दाजी, अक्का अन् घरातली दोन मोठी माणसं करजगीला गेली. पाहुण्यांनी रात्री ठेवून घेतलं, गाडी पाहुण्यांच्या अंगणात होती. दुसऱ्या दिवशी परत. साडेतीनशे किलोमीटर झाले. दाजींनी बावीस लिटर टाकून गाडी माझ्या दारात आणून लावली.

मी आधी काटा बघितला. काटा फुलवर न्हाई. मग पडदा बघितला. सोळाचा आकडा पडून साडेनऊवर आलेला. पंपावर जाऊन गळ्यापर्यंत भरून घेतलं, तर आणखी आठ लिटर बसलं.

आठ लिटर!

मी घरी येऊन कागद घेतला. किलोमीटर मीटरवर बरोबर, म्हणजे गाडी कुठं जास्तीची फिरली न्हाई. दाजींनी टाकलेलं बावीस लिटर पावतीवर बरोबर. दाजींवर संशय घ्यायचा प्रश्नच न्हाई, तो माणूस दुसऱ्याच्या शेतातली काडी उचलत न्हाई. मग आठ लिटर गेलं कुठं? गाडी रात्रभर कुठं होती? अन् पडद्यावरचा आकडा कामून पडला? सोपं आहे. पेट्रोल काढून घेतलं की मशीनला वाटतं, गाडीनंच पिलं. म्हणून ॲव्हरेज पडलं. सगळं जुळत होतं. मी खाली दुहेरी रेघ मारली अन् 'सिद्ध' असं लिहिलं.

अक्काला फोन लावला.

"अक्का, त्या घरात पोरगी देताना विचार कर."

"कामून रे? काय झालं?"

"दारात आलेल्या पाहुण्याच्या गाडीतलं पेट्रोल काढणारी माणसं आहेत ती."

मी सगळं गणित सांगितलं. शेवटी अक्का एवढंच म्हणली, "तू गणिताचा माणूस हाइस. तू सांगायलास म्हणल्यावर चुकीचं कसं असेल?" खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं. भाचीला वाचवलं असं वाटलं.

माझा अंदाज होता की अक्का ही गोष्ट आतल्या आत ठेवील, चौकशी करील. पण तिनं दाजींना सांगितलं. अन् दाजी सरळ माणूस. त्यांनी दहा मिनिटांत करजगीला फोन लावला अन् पोराच्या बापाला, बाबूरावांना विचारलं, "आमच्या गाडीतलं आठ लिटर पेट्रोल तुमच्याकडं राहिलंय का?"

झालं. तिकडून फोन ठेवला तो ठेवलाच. याद थांबली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला पल्लवी एकटी बसनं आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणली, "मामा, तो कागद दाखवा."

मी दाखवला. तिनं उभ्या उभ्याच वाचला. एकदा वाचून पुन्हा वाचला.

"भागाकार तर बरोबर हाय," ती म्हणली.

"असणारच."

"पण मामा, सोळा हा आकडा कुठून आला?"

"मशीन सांगतं."

"अन् मशीन चुकलं तर?"

"मशीन चुकत न्हाई बाळ, माणसं चुकतात."

मामीनं ताट वाढलं, पल्लवीनं भाकरीचा तुकडा मोडला अन् तसाच ठेवला. दहावीला नापासाची भीती होती तेव्हाही ही पोरगी दोन भाकरी खायची. पण कागदावर 'सिद्ध' लिहिलं होतं, आता मी काय करू?

रविवार आला. यादीचाच दिवस होता तो, पण अक्काच्या घरी चूल शांत. सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या दारात एक छोटी गाडी थांबली. धोतर-टोपीतले बाबूराव उतरले. मागून महेश. अन् बाबूरावांच्या हातात एक कॅन.

त्यांनी तो कॅन आमच्या ओट्यावर ठेवला.

"सर, तुमचं आठ लिटर आमच्या अंगणातून गेलं म्हणे. हे दहा हाय. घ्या."

बायको दारात आली होती, ती तशीच आत गेली. शेजारच्या ओट्यावरचा पेपर खाली झाला.

"बाबूराव, तसं न्हाई..." मी म्हणलो.

"तसंच हाय. आमच्या दारात आलेल्या माणसाचं काही गेलं, तर ते आम्ही भरून द्यायचं. कुणी नेलं ते मागनं बघू. पोरगी आम्हाला पसंत होती, हाय. पण चोर म्हणवून घेऊन सून आणायची न्हाई मला."

आवाज चढवला न्हाई त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. मला त्या कॅनकडं बघवेना.

महेश माझ्या गाडीकडं बघत होता. "मामा," तो म्हणला, "टाकीचं झाकण किल्लीशिवाय उघडत न्हाई ह्या गाडीचं. किल्ली तुमच्या दाजींच्या उशाखाली होती."

"चोराला वाट सापडते."

"आत जाळी असते, नळी जात न्हाई."

"मग आठ लिटर गेलं कुठं? आकडा सांगतोय की."

"तर मग आकडाच बघू. टाकी फुल करू, हुमनाबादपर्यंत जाऊन येऊ, पुन्हा फुल करू. चालंल?"

चालंल म्हणजे काय? माझीच पद्धत होती ती. मी दाजींना फोन करून बोलावून घेतलं, साक्षीदार पाहिजे म्हणून. ते मोटरसायकलवर अर्ध्या तासात आले, बाबूरावांना रामराम केला, अन् दोघंही मागच्या सीटवर दोन टोकांना बसले. मधी तिसरा माणूस बसेल एवढी जागा. महेश चालवायला, मी त्याच्या शेजारी.

पंपावर गळ्यापर्यंत भरलं. महेशनं एक बटण दाबून धरलं, पडद्यावरचा जुना आकडा गेला. गाडी पंपावरून बाहेर निघाली अन् नवा आकडा आला. एकतीस.

"बघा," मी मागं वळून म्हणलो. "एकतीस. नुसती निघालीय अजून."

हायवेला लागलो. पोरगा मोठा सुरेख चालवत होता, कुठं धक्का न्हाई, उगीच ब्रेक न्हाई. पण आकडा पडायला लागला. एकवीस. पंधरा. बारा.

"सावकाश घ्या थोडं," मी म्हणलो. "पडायलंय."

"पडू द्या की मामा. छान चाललंय."

छान? मला त्या पोराची कीव आली. इंजिनिअर म्हणे. दहावर आला तसा तो खूश दिसायला लागला. नऊवर आला तेव्हा तर हळूच शीळ घातली त्यानं. इकडं मीही मनात खूशच होतो, कारण जितका आकडा पडेल तितका ह्याला चालवता येत न्हाई हे बापाच्या डोळ्यांपुढं सिद्ध व्हायलंय. पन्नास किलोमीटर दोघंही त्या एकाच पडद्याकडं बघून समाधानानं बसलो होतो. परत पंपावर पोचलो तेव्हा साडेआठ.

पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. माझ्या हिशोबानं सोळाला तीन लिटर अन् वर थोडं बसायला पाहिजे होतं. बसलं सव्वाचार.

म्हणजे लिटरभर पुन्हा गायब. चार माणसं गाडीत, झाकणाची किल्ली महेशजवळ, गाडी मधी कुठं थांबली न्हाई. मी पंपावरच्या पोऱ्याकडंही संशयानं बघून घेतलं. त्यानं मला नमस्कार केला. माझाच विद्यार्थी होता.

"मामा," महेश म्हणला, "पन्नास किलोमीटरला सव्वाचार लिटर. मग शंभरला किती?"

"साडेआठ," मी म्हणलो. हे काय विचारणं झालं?

"अन् पडद्यावर किती हाय?"

"साडेआठ."

उत्तर माझ्या तोंडातून गेलं, अन् मग ते मला ऐकू आलं.

बाबूरावांनी बंडीच्या खिशातून स्वतःचा जवळचा चष्मा काढला, धोतराला पुसला अन् मागून माझ्या हातात दिला. मी तो लावला. वाकून बघितलं. आकड्याच्या बाजूला त्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : एल, तिरकी रेघ, शंभर के एम.

"शंभर किलोमीटरला किती लिटर पितीय, ते दाखवतं हे," महेश अगदी हळू आवाजात म्हणला. "बाहेरच्या देशात असंच मोजतात, पहिल्या मालकानं तसंच लावून ठेवलं असंल. आमच्या बॉयलरलाही असंच असतं, एवढ्या वाफेला उसाचं किती चिपाड जाळायला लागलं. आकडा जितका कमी तितका चांगला, मामा."

ह्याला व्यस्त प्रमाण म्हणतात. एक वाढलं की दुसरं कमी होतं. बावीस वर्षं शिकवलंय मी ते, न कळणाऱ्या पोरांना ओट्यावर बसवून शिकवलंय.

मी मनातल्या मनात भागाकार केला. शंभर भागिले सोळा. सव्वासहा. माझी गाडी बाजारात सव्वासहा द्यायली होती, अन् मी ती कमी पडू नये म्हणून एसी लावून पोष्टापुढं उभा राहत होतो. महेशच्या हातात तिनं पावणेबारा दिलं, अन् मी त्याची कीव करत होतो. रेवणअण्णांचा साडू माझ्यापेक्षा शहाणा, तो निदान बसनं तरी जात होता.

आता एक गोष्ट तुमच्यापासून लपवली, तीही सांगून टाकतो. गाडी घेताना तो हैदराबादचा माणूस मला म्हणला होता, "मास्टरसाब, नंबर पे नजर रक्खो. जित्ता कम, उत्ता अच्छा." मला वाटलं, हा मला गाडी हळू चालवायला सांगायलाय.

मी खाली उतरलो. बाबूरावही उतरले. वर्गात चूक झाली तर मी पोरांना सांगतो, चूक झाली ना, मग मोठ्यानं म्हणा. म्हणून मोठ्यानंच म्हणलो, "बाबूराव, माझं चुकलं. तुमच्या घराला मी चोर म्हणलो. मला माफ करा." शरम इतकी वाटली की पंपाच्या त्या उघड्या माळावर तोंड लपवायला जागा शोधत होतो.

बाबूरावांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं, अन् त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "सर," ते म्हणले, "चष्मा तेवढा द्या माझा."

तेवढ्यात मागनं दाजी बोलले. "म्हणजे मीच आठ लिटर कमी टाकलं व्हय?" अन् ते खिशात हात घालायला लागले.

"दाजी, सोळा मी सांगितलं होतं."

"सांगितलं असंल. पण गाडीनं पिलं की न्हाई?" त्यांनी पंपावरच्या पोऱ्याला विचारलं, "आठ लिटर बसंल का आता?" टाकी गळ्यापर्यंत भरलेली, त्यात बसणार कुठं? शेवटी बाबूराव म्हणले, कॅनमधलं दहा लिटर तुमच्या मोटरसायकलीला न्या. दाजी म्हणले, ते तुमचं हाय, मी कसं नेऊ? दोघांचा तिथंच वाद लागला, अन् त्या वादात दोघंही घरी परत जाताना मागच्या सीटवर जवळ जवळ बसले.

त्याच दुपारी अक्काच्या घरी चूल पेटली अन् याद झाली. पल्लवी आतून बाहेर, बाहेरून आत करत होती, अन् जेवायला बसली ती अडीच भाकरी खाऊन उठली. मी मोजल्या.

कामं वाटायला घेतली. मंडप दाजींकडं. आहेराचे कपडे अक्काकडं. मग आलं जेवणाचं. माणसं किती धरायची, त्याला तांदूळ किती, डाळ किती, आचाऱ्याला काय सांगायचं. मी घसा खाकरून पेन काढलं. दाजी छताकडं बघायले. अक्कानं कागद माझ्यापुढनं उचलला अन् महेशकडं सरकवला.

"मामा, तुमच्यासाठी वेगळं काम ठेवलंय," पल्लवी म्हणली. "मंडपाच्या दारात उभं राहून अक्षता वाटायच्या. मूठ-मूठ. त्यात हिशोब न्हाई काही."

लग्न झालं. मी कोट घालून दारात उभा राहिलो, अन् येईल त्याच्या हातावर मनापासून मूठ-मूठ अक्षता ठेवल्या.

मागच्या सहा रांगांना पुरल्या न्हाईत.